दारावरचा पंचा

माझा धंदा बोलण्याचा आहे. सोलापुरात मी वधूवर सूचक मंडळ चालवते. दात घासायच्या आधी पहिला फोन येतो, आणि रात्री गादीला पाठ टेकली तरी कुणाची तरी आत्या "जरा दोन मिनिटं" म्हणून अर्धा तास खाते. आमचे हे म्हणतात, "तुझ्या तोंडाला एक रविवार मिळाला तर मी गल्लीत पेढे वाटीन." अशी मी बाई चार दिवस पेण-रोह्याकडे काढून आले. काय आणलंस म्हणून सगळ्याजणी विचारतात. पोह्याचे पापड आणले, ते संपत आले. पिशवीभर खडे मीठ आणलं. आणि तिसरी एक गोष्ट आणली. ती वाटीत घालून शेजारी देता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

जायचं कारण मुलीचं लग्न. जिने अर्ध्या गावाची लग्नं जमवली, तिच्या पोरीने स्वतःचं स्वतः जमवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. केतकी पनवेलला नोकरी करते. मुलगा मयूर, रोह्याला एका कंपनीत शिफ्टला. घराणं मूळचं पेणच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. जात वेगळी, बोली वेगळी, ताटातलं सगळं वेगळं. माझ्या मंडळात ही दोन स्थळं मी एकमेकांना दाखवलीसुद्धा नसती. सहा महिने फोनवर आमची वादावादी चालली होती. शेवटी केतकी म्हणाली, "आई, तू चार दिवस त्यांच्या घरी जाऊन राहा. मग हो म्हण, नाहीतर नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरं स्थळ दाखवूही नकोस."

आमच्याकडे घर बघायला जीप भरून माणसं जातात. पण हे म्हणाले, "तू एकटीच जा. तिकडे तुझं बोलणं होईल आणि इकडे माझे कान निवतील." म्हणून एकटीच निघाले. मनातून 'नाही'च घेऊन निघाले होते, हेही सांगून टाकते.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या धंद्यात एक आडाखा आहे. होकार असला की माणसं बडबडतात, पसंत नसलं की गप्प बसतात. "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. समोरचे गप्प झाले की मी समजून जाते आणि पुढच्या स्थळाचा फोटो बाहेर काढते. या आडाख्याने मला आजवर कधी दगा दिला नव्हता.

पेण, गुरुवार

मयूरच्या मामांचा निरोप होता, आधी पेणला उतरा, मग रोह्याला जा. लग्नाच्या बोलण्यात मामाचा मान आमच्याकडेही असतोच, त्यामुळे हे मला पटलं. स्टँडवर उतरले तर जनूमामा मोटरसायकल घेऊन उभे. एवढ्या कलकलाटात त्यांनी मला तिकडच्या टोकावरून हाक मारली, "सोलापूरच्या ताई तुमीच ना?" स्टँडवरच्या सगळ्यांना मी कुठली ते कळलं.

आधी बाजारात नेलं. पोह्याचे पापड आणि मिरगुंड घेतल्याशिवाय पेणहून हलायचं नसतं म्हणे. मग खाडीच्या रस्त्याला लागलो. घराघरांसमोर पांढरेफटक गणपती उन्हाला मांडलेले. रंग नाही, डोळे नाहीत. जानेवारी महिना. मी म्हटलं, "एवढ्यात?" मामा म्हणाले, "आमच्याकडं बाप्पा बारा म्हयने असतो." आमच्याकडे एवढे गणपती एकदम दिसले की हात आपोआप छातीशी जातात. इथे एक पोरगी त्यांच्या मधून शाळेची बॅग सावरत अशी चालली होती की जणू घरचीच भावंडं बसली आहेत.

मिठागर मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे जमीन काळी, तिच्यात पाणी म्हणजे नवल. इथे नजर पोचेल तिथवर पाण्याचे चौकोन आणि त्यांच्या मधून मातीचे अरुंद बांध. भरतीचं पाणी दार उघडून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात आटवायचं. कडेला मिठाचे ढीग, दुधावरच्या सायीसारखे किंचित पिवळसर. मामा या बांधावरून त्या बांधावरच्या बायकांशी बोलत होते, म्हणजे ओरडत होते. त्याही ओरडून उत्तर देत होत्या. कुणाच्या सुनेला मुलगा झाला, कुणाची म्हैस हरवली, सगळं त्या पाण्यावरून इकडून तिकडे जात होतं. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, जातवाले नसले तरी बोलणारे तर आहेत!

त्याच आनंदात मी बांधाच्या कडेला पाय टाकला. गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. मामांनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, पण ती काही हाती लागेना. मीठ ओढणारी एक बाई हसून हसून बसलीच. "जाव दे गो ताय," ती म्हणाली, "मिठागर एक चप्पल ठेवून घेतंच. म्हंजी मानूस परत येतंय." तिने आपल्या रबरी सपाता मला दिल्या. उरलेली एक कोल्हापुरी मी पिशवीत टाकली. का टाकली ते देवाला ठाऊक.

बांधावरच्या झोपडीत मामींच्या हातचं जेवलो. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा. आम्ही बोकड खाणारी माणसं, मासळीचा मला सराव नाही. पण सकाळपासूनची भूक आणि तो खारा वारा. पहिला घास डोळे मिटून घेतला, दुसरा उघडे ठेवून, आणि तिसऱ्यानंतर मामींना पुन्हा वाढा म्हणाले. मामा लगेच म्हणाले, "ताई, आमचा मीठ खाल्लात. आता नाय कशा बोलनार?" आणि पिशवीभर मीठ बांधून दिलं. मी हसले, पण 'नाही' मनात जिथल्या तिथे होतं. त्या रात्री मामांकडेच राहिले आणि मामा-मामींशी गप्पा मारून मारून घसा बसायची वेळ आली.

रोहा, शुक्रवार

सकाळच्या गाडीने मामांनी मला रोह्याला आणून सोडलं आणि ते परत गेले. नागोठणे मागे पडल्यावर डोंगर जवळ येतात, आणि रोह्याला पोचेपर्यंत हवेला भातखाचरांचा आणि थोडासा कारखान्याचाही वास लागतो.

मयूरचं घर कंपनीतल्या लोकांच्या गल्लीत आहे. बैठी कौलारू घरं, प्रत्येकापुढे चिमूटभर अंगण, मागे पडवी. मयूर पहिल्या शिफ्टला गेलेला. त्याची आई सुरेखाताई दारातच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, हसऱ्या. वडिलांना सगळे भाऊ म्हणतात. ते त्याच कंपनीतून रिटायर झालेले. मी सोबत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी नेली होती. भाऊंनी एक भाकरी हातात घेऊन वाजवून पाहिली आणि म्हणाले, "ही खायाची का पत्र्यावर घालायची?" सकाळभर आम्ही हसत होतो. सुरेखाताईंनी घावन घातले, मी त्यांना लसूण ठेचून दिला, त्यांच्या बहिणींची, माझ्या नणंदांची, सगळ्यांची उणीदुणी काढून झाली. जेवायला वालाचं बिरडं, बांगडा आणि सोलकढी.

जेवणानंतर मी मुद्द्याला हात घातला. हा माझा रोजचा विषय, शब्द तोंडपाठ. मुलगी नोकरी सोडणार नाही, खर्च निम्मा-निम्मा, पत्रिका बघायची नाही. ती दोघं मान डोलवत होती. "आणि मानपानाचं म्हणाल," मी म्हटलं, "तर आमच्याकडे असं असतं की—"

सुरेखाताई उठल्या. हात पुसले. दोरीवरचा एक विटका पंचा घेतला, पुढच्या दाराबाहेर कडीला अडकवला आणि दार लोटलं. मग माझ्याकडे न बघता घरातून सरळ मागच्या पडवीत गेल्या आणि पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसल्या. भाऊंनी टीव्ही बंद केला. आत बातमी सांगणारी बाई अर्ध्या वाक्यात गेली.

"तर मानपानाचं असं—" मी पुन्हा सुरू केलं. भाऊंनी हसून तळहात दाखवला, पुरे अशा अर्थाने, आणि खाटेवर आडवे झाले.

मी पडवीच्या उंबऱ्याशी गेले. हळूच विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?" त्यांनी मान हलवली, हसल्या आणि पुन्हा परसाकडे बघू लागल्या. एक शब्द नाही. मी खिडकीशी आले. गल्लीतून मच्छीवाली चालली होती, डोक्यावर पाटी. तिने आमच्या दाराकडे पाहिलं आणि तोंड मिटून, पाय न वाजवता पुढे गेली. मी म्हटलं, बघा! माशेवालीलासुद्धा कळलं की या घरातलं लग्न मोडलं.

काळजी वाटली की मला भूक लागते. डब्यातली एक कडक भाकरी घेतली आणि मोडली. कडाड्! त्या घरात फांदी तुटल्यासारखा आवाज झाला. भाऊंनी एक डोळा उघडला, भाकरीकडे पाहिलं, मिटला. हातातला तुकडा चावायचा की ठेवायचा हेही मला कळेना. शेवटी तो तोंडात धरून भिजवला.

मग मागच्या नारळाआड जाऊन ह्यांना फोन लावला. "गेलं स्थळ," मी कुजबुजले.

"काय म्हणाले?"

"काही म्हणत नाहीत. तेच तर!"

"तू बोलू दिलंस का त्यांना?"

"तुम्हाला काय कळतंय ह्यातलं," म्हणून मी फोन ठेवला. केतकीला मेसेज टाकला, "त्यांचा नकार आहे. मी संध्याकाळच्या गाडीने निघते." आणि बॅग भरायला घेतली.

आता गंमत बघा. नकार द्यायला आलेली मी. काम परस्पर झालं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी रागाने साड्या घडी न घालताच बॅगेत कोंबत होते. माझ्या केतकीला नाही म्हणता? काय कमी आहे तिच्यात? आणि मयूरचा कपाटावर ठेवलेला शाळेतला फोटो बघून, एवढ्या चांगल्या मुलाच्या घरची माणसं अशी कशी, म्हणून त्याचीही कीव आली. म्हणजे तोवर तो मला चांगला वाटायला लागला होता. हे माझं मलाच तेव्हा कळलं.

एवढ्यात कंपनीचा भोंगा झाला.

लगेच शेजारी पातेलं पडलं. कुणीतरी रेडिओ लावला. कोपऱ्यावर थांबलेली मच्छीवाली जीव खाऊन ओरडली, "बोंबील घ्या गो, ताजं बोंबील!" सुरेखाताईंनी दारावरचा पंचा काढला, झटकला, दोरीवर टाकला. चहा टाकला. कप माझ्या हातात देऊन समोर मांडी घातली आणि म्हणाल्या, "हां ताई, तर मानपानाचा काय म्हनत होतात?"

मी मांडीवर बॅग घेऊन बसलेली. तोंड उघडं.

तेवढ्यात केतकीचा फोन आला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडत होती. "आई, काय बोललीस तू त्यांना? काय केलंस?" सुरेखाताईंनी माझ्या हातून फोन घेतला. थोडं ऐकलं, माझ्या बॅगेकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. मग त्या जे हसायला लागल्या! "रडू नको गो बाय," हसता हसता त्या म्हणाल्या, "कोनी नाय मोडला. मी पंचा लावला आनि तुझी आई घाबरली. तू सांगितला नाय व्हय त्यांना?"

फोन स्पीकरवर होता. केतकी नाक ओढत म्हणाली, "सांगितलं होतं. दोनदा. ती दुसऱ्या फोनवर होती. हो हो म्हणाली."

मी मांडीवरची बॅग उघडून साड्या परत बाहेर काढायला लागले.

मग भाऊंनी सगळं सांगितलं. या गल्लीत प्रत्येक घरात कुणी ना कुणी शिफ्टला. नाइट शिफ्टवाला माणूस सकाळी येतो आणि त्याची रात्र दिवसा सुरू होते. घरं एकमेकांना चिकटलेली, इकडे फोडणी दिली की तिकडे शिंक येते. मग झोपायचं कसं? म्हणून ज्याच्या घरात नाइटवाला झोपला असेल त्याने दाराला पंचा लावायचा. एका दाराला जरी दिसला, तरी सगळी गल्ली दबक्या आवाजात. भंगारवाला ओरडत नाही, पोरं चेंडू घेऊन नदीकडे जातात.

"एकदा तर वरात आयली," भाऊ म्हणाले. "नवरा घोड्यावर, पुढं बँड, नाचनारी पोरं. गल्लीच्या तोंडाशी पंचा दिसला. बँड बंद! सगल्यांनी चपला हातात घेतल्या. घोड्याला नाय ना काढता येत, म्हनून त्याला हळू हळू चालवला. गल्ली संपली, आनि मंग पलीकडं जो काय ढोल वाजला!" ते सांगताना भाऊंनी खाटेवरून उठून ती चोरपावलांची वरात मला चालून दाखवली. हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण भाऊ," मी डोळे पुसत विचारलं, "तुम्ही तर रिटायर झालात. मयूर पहिल्या शिफ्टला. मग आज झोपलं कोण होतं?"

भाऊंनी सुरेखाताईंकडे बोट दाखवलं. "हिला इचारा. माझी नोकरी सुटली तरी हिनं पंचा नाय सोडला."

सुरेखाताई जरा लाजल्या. "मंग काय? इतकी वर्सं ह्यांच्यासाठी गप बसले. सवं लागली. आता जेवन उरकल्यापासनं भोंग्यापर्यंत लावतंय. माझ्यासाठी."

"करता काय तेवढ्या वेळात?"

"कायपन नाय. बसतंय."

"जप वगैरे? काही विचार?"

"कदी करतंय इचार, कदी नाय करत. कदी झोप लागते." त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "पैलं ह्यांचा डोळा लागला की मी भांडीपन नाय घासायची, वाजतील म्हनून. मंग काय करनार? बसायची. बसता बसता आवडायला लागला."

"आणि गल्लीला चालतं?"

"का नाय? तेवढा वेल त्यांनापन बरा वाटतो. आता शेजारीन माज्या पंच्याची वाट बगते."

शनिवार

ठरवलं, आज आपणही बसायचं. पंचा लागताच फोन बंद करून बॅगेत, बॅग कपाटात. सुरेखाताईंच्या शेजारी पायरीवर बसले. सांगते, सोपं नाही. आधी जीभच वळवळते. ताईंच्या पदराला रवा लागला होता, तो सांगावासा वाटला. परसातल्या शेवग्याला शेंगा किती आल्या ते विचारावंसं वाटलं. मग हात मोबाइल शोधायला लागले. मग एकेक पार्टी डोक्यात येऊन बसली. त्या मुलाला पगार किती सांगितला होता, त्या मुलीची उंची एक इंच वाढवून सांगितली ते कळेल का. मी मनातल्या मनात सगळ्यांशी बोलत होते, तोंड तेवढं बंद.

ते कधी थांबलं ठाऊक नाही. शेवग्याच्या फांदीवर दोन बुलबुल भांडत होते, ते मी बघत होते. विहिरीवरच्या रहाटाची दोरी वाऱ्याने जराशी कुरकुरत होती. दूर कुठे तरी कुकरची शिट्टी झाली आणि तिनेही आवाज दाबून घेतल्यासारखं वाटलं. माझ्याच पोटात बिरडं गुडगुडलं, ते मला ऐकू आलं आणि हसू आलं. ताईंनी विचारलं नाही का हसता. हे मला फार आवडलं. हसण्याचं कारण सांगावं न लागणं ही काय चैन आहे! इतक्या वर्षांत मी अशी नुसती कधी बसले होते ते आठवायचा प्रयत्न केला, मग तोही सोडून दिला. पायांवर ऊन सरकत सरकत घोट्यापर्यंत आलं होतं. मी खूश होते. साधी, बिनकामाची खूश.

भोंगा झाला तेव्हा मला, खरं सांगते, लवकर झाला असं वाटलं.

फोन उघडला तर मिस्ड कॉलचा ढीग. जीव घाबरा झाला. त्यात एका मुलाच्या आईचे कितीतरी. तिला लावला तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही उचलेना, म्हणून मी सरळ मुलीच्या आईलाच लावला. आमचं ठरलं की सगळं! तुम्हाला आमंत्रण करायला फोन करत होते." जे स्थळ मी चार महिने बोलून बोलून जमवत होते, ते मी गप्प बसल्यावर जमलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडेच राहा अजून महिनाभर. सगळ्या सोलापूरची लग्नं होऊन जातील."

संध्याकाळी कुंडलिकेच्या काठी, भाऊंच्या मित्राच्या शेतात पोपटी लावली. आपल्याकडचा हुरडा तशी ही इकडची हिवाळ्याची गंमत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. मयूर शिफ्टहून आलेला, बाह्या सरसावून पाला दाबत होता. जाळावर त्याने मडक्याच्या बुडाला पाण्याचा हबका मारला, चुर्र झालं, "अजून थोडं," म्हणाला. काळासावळा, हसरा, कामापुरता बोलणारा.

मी त्याला बाजूला घेतलं. मुलाखत घ्यायची सवय. "एक विचारू? तुमच्या घरातलं हे दुपारचं गप्प बसणं... केतकीला झेपेल का ते? आमच्या घरात सदानकदा आवाज."

त्याने काटकीने जाळ सारखा केला. "काकू, ती पहिल्यांदा आली तेव्हा आईने असाच पंचा लावला. केतकी पडवीत बसून राहिली. भोंगा झाल्यावर मला म्हणाली, हे रोज असतं का?"

"घाबरून विचारलं?"

"नाय," तो म्हणाला. "लाडू मिळाल्यासारखं विचारलं."

मी शेंग सोलत राहिले. लागलं मला ते, खोटं कशाला बोलू. पण वालाचे दाणे इतके गरम आणि गोड होते, आणि भाऊ त्या चोरपावलांच्या वरातीची गोष्ट कुणाला तरी पुन्हा चालून दाखवत होते, की फार वेळ लागून राहिलं नाही.

रविवार

सकाळच्या गाडीने केतकी आली. दारात आली तेव्हा गळ्यात पडली, आणि चहा संपायच्या आत आमचं सुरू झालं. मी म्हटलं केस का कापलेस, ती म्हणाली मेसेज टाकायच्या आधी मला फोन का नाही केलास. मी म्हटलं तू नीट सांगितलं असतंस तर, ती म्हणाली तू नीट ऐकलं असतंस तर. सुरेखाताई भाकऱ्या थापत होत्या. जेवताना केतकीने माझ्याकडे न बघता विचारलं, "मग? काय ठरवलंस?" मी म्हटलं, "जेव आधी." तिचा घास हातातच राहिला. आज संध्याकाळी मी निघणार होते, आणि माझ्या तोंडून जे येईल ते ती मानणार होती.

जेवणं झाली. पंचा लागला.

मागच्या पायरीवर आम्ही तिघी. ताईंनी मोड आलेल्या वालाचं पातेलं आणलं, त्यात कोमट पाणी ओतलं. कडवे वाल एकेक चिमटीत धरून सालीतून सटकवायचे, की पांढरी डाळिंबी हातात येते. फार किचकट काम आणि अजिबात आवाज नसलेलं. केतकीची नखं वाढलेली. तिच्या डाळिंब्या दुभंगत होत्या. 'अगं दाबू नको, टोकाकडून धर' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं. तिथेच थांबलं. ताईंनी तिच्या वाडग्यातले तुकडे उचलून आपल्या पातेल्यात घेतले आणि दोन अख्ख्या डाळिंब्या तिच्यापुढे ठेवल्या, अशी असायला हवी म्हणून. ना कपाळाला आठी, ना शब्द. केतकीने त्या बघितल्या आणि पुढचा वाल टोकाकडून धरला.

तिचे खांदे हळूहळू खाली आले. माझ्यासमोर बसली की माझी मुलगी खांदे वर करून बसते, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. ती पायरीला टेकली. पाय पसरले. बुलबुल शेवग्यावर आले होते.

मग मला ऐकू आलं. केतकी गुणगुणत होती.

गाणं कुठलंच नव्हतं. अगदी बारीक, ओठ मिटून, वर-खाली जाणारा नुसता सूर. लहानपणी चित्र रंगवताना ती असंच करायची. वेणी घालून घेताना, दुधावरची साय बोटाने गोळा करताना. मला वाटलं होतं ती सवय मोठेपणी गेली. गेली नव्हती. माझ्या लेकीचा तो सूर इतक्या वर्षांनी माझ्या कानावर पडत होता आणि माझे डोळे भरून आले. आनंदाने. असा आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. ताई डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या, आणि त्या ऐकत होत्या हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

जिथे हिच्या तोंडून असा सूर निघतो, ते घर हिचं. संपलं. यात बघायचं काय राहिलं?

होकार माझ्या जिभेवर येऊन बसला. माझ्या पोटात बातमी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंतसुद्धा टिकत नाही, हे सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे. पण आता बोलले असते तर तो सूर तुटला असता.

केतकीने मान वर केली. माझे डोळे भरलेले पाहून आधी दचकली. मग नीट बघत राहिली, आणि तिला कळलं. बोलायला तिने तोंड उघडलं. मी ओल्या हातानेच ओठांवर बोट ठेवलं. तिने हसू दाबलं, तेव्हा गालांवरून दोन थेंब वाडग्यात पडले. मनगटाने गाल पुसून तिने पुढचा वाल उचलला, आणि थांबलेला सूर पुन्हा धरला, या वेळी थोडा मोठा.

भोंग्याला अजून बराच वेळ होता. मी पातेल्यातून आणखी एक मूठ घेतली.